‘तिशीत संपते’ म्हणणाऱ्यांनी फॉर्मिगाचं वय मोजावं

सध्या एक मजकूर या ग्रुपवरून त्या ग्रुपवर फिरतो आहे. सारांश असा: ‘महिला फुटबॉलमध्ये मिडफिल्डरची (म्हणजे मधल्या फळीतल्या खेळाडूची) कारकीर्द सात-आठ वर्षांची. गोल करत नाही म्हणून नाव नाही, नाव नाही म्हणून पैसा नाही. तिशी आली की पाय थकतात, गुडघा गेला की खेळ गेला, आणि आई झाली की विषयच संपला.’ वाक्यं चटपटीत आहेत, म्हणूनच पुढे ढकलली जातात. एकेक करून बघू.

आधी ‘नाव नाही’. महिलांचा बॅलन डी’ओर 2021 आणि 2022 मध्ये अलेक्सिया पुतेयासला मिळाला. 2023, 2024 आणि 2025 मध्ये आइताना बोनमातीला. दोघी बार्सिलोनाच्या, दोघी मिडफिल्डर. सलग पाच वर्षं जगातला सर्वांत मोठा वैयक्तिक पुरस्कार मधल्या फळीतच राहिला.

बरं, या दोघी गोलही करतात, असं कुणी म्हणेल. मग गोलांची गोष्ट बाजूला ठेवू. 1999 च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात अमेरिका आणि चीन जादा वेळेतही 0-0 होते. त्या काळी ‘गोल्डन गोल’चा नियम होता, म्हणजे जो आधी गोल करेल तो तिथल्या तिथे जिंकला. चीनच्या फान युनजेचा हेडर गोलकीपरला चुकवून आत निघाला होता. गोलरेषेवर उभ्या असलेल्या अमेरिकेच्या मिडफिल्डर क्रिस्टीन लिलीने तो डोक्याने परतवला. पुढे अमेरिका पेनल्टी शूटआऊटवर जगज्जेती झाली. लिलीच्या त्या हेडरचा गोलांच्या यादीत मागमूस नाही. सामना मात्र तिथेच वाचला. याच लिलीच्या नावावर 354 आंतरराष्ट्रीय सामने आहेत. पुरुष-महिला दोन्ही धरून एवढे सामने आणखी कुणीच खेळलेलं नाही.

पैशाबद्दल तो मजकूर अर्धा खरा आहे, आणि तो अर्धा भाग मी नाकारणार नाही. पण कारण चुकीचं दिलंय. 2022 मध्ये कीरा वॉल्श मँचेस्टर सिटीतून बार्सिलोनात गेली तेव्हा सुमारे चार लाख पौंडांची तिची ट्रान्सफर फी, म्हणजे नव्या क्लबने जुन्या क्लबला मोजलेली रक्कम, महिला फुटबॉलमधली विक्रमी मानली गेली. वॉल्श बचावफळीच्या पुढ्यात खेळते, गोल क्वचितच करते. त्याच वर्षीच्या ‘युरो’च्या, म्हणजे युरोपातल्या राष्ट्रीय संघांच्या स्पर्धेच्या, फायनलमध्ये इंग्लंडच्या एला टूनला गोलपर्यंत नेणारा लांब पास तिचा होता. क्लबने पैसे मोजले ते अशा पाससाठी. पुरुषांमधला विक्रम 22 कोटी 20 लाख युरोंचा आहे. ही दरी प्रचंड आहे, पण ती आघाडीच्या खेळाडूंनाही तितकीच लागू पडते. तिचा दोष मधल्या फळीच्या माथी मारण्यात अर्थ नाही.

आता वय, म्हणजे त्या मजकुरातला सर्वांत पोकळ मुद्दा. ब्राझीलची फॉर्मिगा 1995 मध्ये, सतराव्या वर्षी पहिला विश्वचषक खेळली. सातवा खेळली 2019 मध्ये, एक्केचाळिसाव्या वर्षी. मध्ये एकदा निवृत्ती जाहीर करून परतही आली. 1996 मध्ये महिला फुटबॉल प्रथमच ऑलिंपिकमध्ये आलं तेव्हापासून टोकियोपर्यंतच्या सातही ऑलिंपिकमध्ये ती होती. टोकियोत तिचं वय 43 होतं. आणि ही बचावात्मक मिडफिल्डर, म्हणजे जिथे पळापळ टळत नाही अशी जागा. पण तिथे उमजही लागते: चेंडू कुठे जाणार हे आधी कळलं की चार पावलं कमी धावावं लागतं, आणि ही उमज वयाबरोबर वाढत जाते.

तरी ‘पाय थकतात’ हेच म्हणायचं असेल, तर 2011 च्या विश्वचषकाचा अंतिम सामना आठवा. जपान 1-2 असा मागे. जादा वेळेतलं 117 वं मिनिट. कॉर्नरवर मिडफिल्डर होमारे सावाने धावत येऊन पायाच्या एका स्पर्शाने बरोबरी साधली. कर्णधार सावा तेव्हा 32 वर्षांची होती. जपान शूटआऊटमध्ये जिंकलं. स्पर्धेतली सर्वोत्तम खेळाडू आणि सर्वाधिक गोल करणारी, दोन्ही मान तिलाच मिळाले.

गुडघ्याची भीती मात्र खरी आहे. एसीएल (गुडघ्यातला एक महत्त्वाचा अस्थिबंध) फाटण्याचं प्रमाण महिला फुटबॉलपटूंमध्ये पुरुषांपेक्षा जास्त आहे, आणि परतायला नऊ महिने ते वर्ष सहज जातं. पुतेयासचा एसीएल युरो 2022 च्या तोंडावर सरावात फाटला. स्पर्धा गेली. 2023 मध्ये स्पेन जगज्जेता झाला तेव्हा ती संघात होती, पण तिच्या पायात आधीची लय नव्हती, हे बघणाऱ्या कुणालाही दिसत होतं. मे 2024 मध्ये फ्रान्सच्या ल्यों क्लबविरुद्धच्या चॅम्पियन्स लीग (युरोपातल्या क्लबांची सर्वोच्च स्पर्धा) फायनलमध्ये ती बदली खेळाडू म्हणून उतरली आणि भरपाई वेळेत गोल करून 2-0 केलं. दुखापतीने तिची जवळपास दोन वर्षं खाल्ली, असं म्हणा. खेळ संपवला, असं म्हणू नका.

राहिली आई होण्याची गोष्ट. इथे अडचण शरीराची कमी आणि कराराची जास्त आहे. आइसलँडची तेव्हाची कर्णधार, मिडफिल्डर सारा ब्योर्क गुन्नार्सडोत्तिर ल्योंकडून खेळत असताना गरोदर राहिली. त्या काळात क्लबने तिला पूर्ण पगार दिला नाही. ती खेळाडूंच्या संघटनेच्या मदतीने फिफाकडे, म्हणजे जागतिक फुटबॉल महासंघाकडे गेली. किमान 14 आठवड्यांच्या प्रसूती रजेचा फिफाचा नियम 2021 पासून लागू झालेला होता. निकाल तिच्या बाजूने लागला आणि क्लबला 82 हजार युरोंहून अधिक रक्कम द्यावी लागली. मुलगा नोव्हेंबर 2021 मध्ये झाला. पुढच्याच उन्हाळ्यात ती आइसलँडकडून युरो खेळली. जानेवारी 2023 मध्ये तिने ही सगळी हकिगत स्वतः लिहून जगापुढे मांडली, तेव्हा ती इटलीच्या युव्हेंटस क्लबच्या मधल्या फळीत खेळत होती.