खुलासा: जुनी चिठ्ठी सहा महिने चालत नाही

इंदूरच्या आपल्या मराठी ग्रुपांवर एक निरोप फिरतोय: ‘डॉक्टरांची चिठ्ठी सहा महिने चालते, मेडिकलवाला नाही म्हणूच शकत नाही.’ मी इथेच मेडिकल चालवतो. हे चूक आहे.

औषध नियम, 1945 मधला नियम 65 सांगतो की डॉक्टरांनी चिठ्ठीवर पुन्हा द्यायला लिहिलं नसेल, तर ती एकदाच चालते. किती वेळा किंवा किती दिवसांनी असं लिहिलं असेल, तर तेवढंच. म्हणूनच औषध दिल्यावर चिठ्ठीवर आम्ही दुकानाचं नाव, पत्ता आणि तारीख टाकतो. तो शिक्का नुसता जाहिरातीचा नव्हे!

परवा रामबागेतल्या एक काकू घडीवर फाटलेली चिठ्ठी घेऊन आल्या. नातवाला खोकला, आणि चिठ्ठी मागच्या पावसाळ्यातली, सेफिक्सिम या अँटिबायोटिकची. मी दिलं नाही, काकू रागावल्या. पण सेफिक्सिम एच-वन यादीत, म्हणजे विक्रीचे नियम जास्त कडक असलेल्या औषधांच्या सरकारी यादीत आहे. 1 मार्च 2014 पासून अशा औषधासाठी डॉक्टर, रुग्ण, औषध आणि मात्रा वेगळ्या रजिस्टरात लिहून ते तीन वर्षं जपावं लागतं.

रोजच्या बीपी-शुगरच्या गोळ्या असतील, तर डॉक्टरांकडून चिठ्ठीवरच ‘दर महिन्याला, इतके महिने’ असं लिहून घ्या.