नदी, नद्यौ आणि आप्पांची तिसरी पाळी

आज लेकीच्या वहीत लाल शाईने शेरा आलाय. ‘पाठांतर नाही. वर्गात पेंगते.’ खाली पालकांच्या सहीसाठी रेघसुद्धा मारून दिलीय. सही केली. पण हात शिवशिवतोय, म्हणून उरलेलं इथे. पोस्ट मोठी होणार, कंटाळा आला तर पुढे सरका.

गुन्हा काय, तर सकाळी ७.२० ला संस्कृतच्या तासाला ‘नदी’ चालवताना ती तृतीयेला अडकली. रात्री अकराला हीच मुलगी पलंगावर मांडी घालून नद्या, नदीभ्याम्, नदीभिः धडाधड म्हणत होती, पुस्तक मीच धरलं होतं. आणि दुपारी दीडला घरी आल्यावर वरणभात कालवता कालवता, कुणी विचारलेलं नसताना, थेट सप्तमीपर्यंत जाऊन आली. मग रडली. तासभर उभं केलं होतं तिला.

त्यात आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर नेमका आजच उगवता सूर्य आणि ‘लवकर निजे, लवकर उठे’. पाठवणारे काका स्वतः रिटायर्ड आहेत, दुपारी दोन तास घोरतात. असो.

विसरला म्हणजे आळशी, पेंगला म्हणजे बेशिस्त. हे मी लहानपणापासून ऐकत आलेय, आप्पांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या बाबतीत. आप्पा नाशिकला, सातपूरच्या कंपनीत होते. दर आठवड्याला पाळी बदलायची. मी तिसरीत असताना ते मला घेऊन सिन्नरला मामाकडे निघाले, तिसरी पाळी, म्हणजे रात्रपाळी करून, न झोपता. सीबीएसला, म्हणजे नाशिकच्या एसटी स्टँडवर, मला बाकावर बसवलं, मांडीवर पिशवी ठेवली, ‘हलू नको’ म्हणाले आणि गाडी लागली का बघायला गेले. गाडी लागली होती. ते चढले आणि बसले. कंडक्टर आला तेव्हा गाडी नाशिकातल्याच द्वारका चौकापाशी पोचली होती. ‘एक फुल, एक हाफ.’ कंडक्टर म्हणाला, ‘हाफ कुठंय?’

हाफ सीबीएसला रसवंतीच्या घुंगरांकडे बघत बसलं होतं. रसवाल्याने मला अर्धा ग्लास रस दिला, पैसे घेतले नाहीत. हे मला लख्ख आठवतंय.

तीस वर्षं आमच्या घरातल्या प्रत्येक लग्नात हा किस्सा निघाला. ‘विसरभोळा गोकुळ’ म्हणायचे सगळे. आप्पा हसायचे, पानाला चुना लावत बसायचे.

आता त्या शेऱ्याकडे येते. हेर्मान एबिंगहाउस नावाचा जर्मन माणूस होता. त्याने दोनेक हजार अर्थहीन अक्षरगट तयार केले, याद्या करून स्वतःच पाठ केल्या आणि पुन्हा पाठ करताना किती मेहनत वाचते ते मोजत बसला. वीस मिनिटांनी ५८ टक्के वाचली, तासाभराने ४४, दुसऱ्या दिवशी जेमतेम एक तृतीयांश. महिन्याने तरीही २१ टक्के! म्हणजे विसरण्याचा मोठा घाट पहिल्या तासातच उतरून होतो, पण तळाशी काहीतरी राहतंच. १८८५ साली छापलंय हे. आमच्या लेकीच्या वर्गात हा माणूसही उभाच राहिला असता. (मान्य, त्याचे अक्षरगट निरर्थक होते आणि नदीला अर्थ आहे. पण नववीतल्या मुलीला ‘नदीभ्याम्’मध्ये कितीसा अर्थ लागतो, ते खरं सांगा.)

बरं, झोपेचं. १९२४ साली कॉर्नेल विद्यापीठात दोन विद्यार्थ्यांना असेच अक्षरगट पाठ करायला दिले. पाठ करून झोपले तेव्हा बरंच जास्त लक्षात राहिलं, दिवसभर जागे राहिले तेव्हा बरंच गेलं. शंभर वर्षं झाली. आपण मात्र पोराची झोप मोडूनच त्याला पाठांतराला बसवतो आणि वर त्याला संस्कार म्हणतो.

आणि घड्याळ. भिंतीवरचं नव्हे, अंगातलं. फळमाशीत ते कसं चालतं ते शोधणाऱ्या तिघांना २०१७ चं नोबेल मिळालं. पेशीत एक प्रथिन रात्री साठतं आणि दिवसा मोडतं, की पुन्हा पहिल्यापासून. माशीच्या अंगात हे बिनबोभाट चालतं, माणसाला मात्र पाळीचा कागद लावला की झालं! मिशेल सिफ्र नावाचा फ्रेंच तरुण १९६२ साली दोन महिने गुहेत राहिला, घड्याळ नाही, ऊन नाही. बाहेर काढला तेव्हा १४ सप्टेंबर होती, त्याच्या हिशेबाने २० ऑगस्ट. पंचवीस दिवस गेले कुठे? पण त्याचं शरीर मात्र रोज साधारण चोवीस तासांनीच झोपत-उठत होतं. मन हिशेब चुकलं, अंग नाही चुकलं. आप्पांचं अंग दर सोमवारी असंच सांगत असणार, ऐकणार कोण? हे घड्याळ दिवसाला एखाद तासच सरकतं म्हणे. ते तिसऱ्या पाळीला जुळेपर्यंत पहिली पाळी आलेली असायची.

वयात येताना हे घड्याळ उशिराकडे सरकतं. रात्री झोपच लवकर येत नाही. हो, मोबाईलही असतो हातात, माहितीये मला, आता कमेंटमध्ये तेच लिहू नका. सकाळी ७.२० म्हणजे तिच्या अंगासाठी अजून रात्रच. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ मध्येच सांगितलं, मोठ्या मुलांच्या शाळा साडेआठच्या आधी भरवू नका. आपल्याकडे २०२४ मध्ये सरकारने शाळेची वेळ नऊच्या पुढे नेली, पण कुणाची? चौथीपर्यंतच्या मुलांची! जी पोरं सहाला उठून आपल्या पोटावर नाचतात त्यांची. आणि नववी-दहावीतल्यांना सातची घंटा. ज्याने ठरवलं त्याच्या घरात चौदा वर्षांचं कुणी नसावं.

बाईंवर फार राग नाहीये खरं तर. वर्गात साठ पोरं, इमारत एक, सत्रं दोन. त्याही पाचला उठून डबा करूनच येत असतील. पण तासभर उभं करायचं?

मघाशी इथवर लिहिलं आणि आईला फोन केला. आप्पांचा किस्सा टाकतेय म्हटलं, तिसरी पाळी करून आले होते ना गं त्या दिवशी?

‘कसली तिसरी पाळी? तेव्हा कंपनीत संप होता. दोन महिने घरीच होते ते.’

मी गप्पच. मग सिन्नरला कशाला निघालो होतो?

‘तुझ्या मामाकडे पैसे मागायला. रात्र रात्र झोपत नव्हते.’

मला तर डोळ्यांसमोर दिसतंय, कंपनीचा निळा शर्ट, लाल डोळे. बार्टलेट नावाच्या केंब्रिजच्या माणसाने १९३२ सालीच लिहून ठेवलंय की आठवण कपाटातून काढल्यासारखी निघत नाही, दर वेळी नव्याने रचली जाते. त्याने इंग्रज पोरांना उत्तर अमेरिकेतल्या आदिवासींची गोष्ट वाचायला दिली, तर पुन्हा सांगताना त्यांनी तिथल्या डोंग्यांच्या सरळ होड्या करून टाकल्या. मी संपाची तिसरी पाळी केली. वरचं खोडत नाही, राहू दे. पाळ्या त्यांनी बावीस वर्षं केल्याच आहेत.

फोन ठेवता ठेवता मी म्हटलं, तो रसवाला मात्र चांगला होता हं, फुकट रस दिला मला.

आई म्हणाली, ‘फुकट कुठला? द्वारकेवरून धावत आले हे. सिन्नरला गेलाच नाहीत तुम्ही. एक ग्लास घेतला होता, दोघांत.’