चाळीस फुटांची पाठवणी

आमच्या डुकरांच्या शेडमध्ये माद्यांच्या खोलीपासून नराच्या खोलीपर्यंत अंतर चाळीस फूट. टेप लावून मोजलंय. चोपड्याहून एसटीनं जळगाव गाठायला जितका वेळ लागतो, त्याहून जास्त वेळ मला कधीकधी हे चाळीस फूट पार करायला लागतो. आणि एसटीला निदान मागून ढकललं तर ती पुढे तरी जाते.

केळीला एका वर्षी करपा लागला, दुसऱ्या वर्षी भाव पडला. तेव्हा दहा पांढऱ्या यॉर्कशायर माद्या आणि एक नर आणला. कागदोपत्री याला ‘वराहपालन’ म्हणतात, गावात ‘त्यानं डुकरं घेतली’ म्हणतात आणि आमची आई पाहुण्यांसमोर ‘पशुपालन’ म्हणून विषय बदलते. माद्या मात्र खूश. व्यापाऱ्यानं नाकारलेली केळी त्या ज्या आदरानं खातात, तसा आदर आमच्या केळीला मंडीत कधी मिळाला नाही.

खरी कथा सुरू होते ती मादी माजावर आली की. दर एकवीस दिवसांनी येते, दोन-तीन दिवस राहते. ओळखायची खूण सोपी आहे: पाठीवर दोन्ही हातांनी दाब द्यायचा. माज नसेल तर किंचाळत पळते. माज असेल तर कान ताठ करते, पाय रोवते आणि विजेच्या खांबासारखी उभी राहते. म्हणजे बघा, ज्या दिवशी ती हलत नाही, नेमकं त्याच दिवशी तिला हलवायचं. आणि मागून जितकं रेटावं तितकी तिची खात्री पटत जाते की नवरदेव इथेच आलाय, आता जायचं कुठे? दोनशे किलोची खात्री असते ती.

‘मग नरालाच तिच्याकडे न्या की,’ असं प्रत्येक पाहुणा सुचवतो. मीही जनावरांच्या डॉक्टरांना हेच विचारलं होतं. पण नर नव्या खोलीत गेला की सगळे कोपरे हुंगत बसतो, जिकडेतिकडे मुतून सातबारा आपल्या नावावर करतो आणि आलो कशाला हे विसरतो. शिवाय त्याला सुळे आहेत. तेव्हा जायचं तिनंच.

यंदा आमची थोरली मादी माजावर आली ती ऐन आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला. गावातल्या लेकी माहेरी आलेल्या, निंबाला झोके बांधलेले आणि मी मात्र लेकीला माहेराहून हाकलायला निघालेला उलटा मुराळी. सोबत आमचे सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणारे, आबा. दिवस उगवायच्या आत उरकायचं होतं. आमच्याकडचं ऊन काय सांगावं, आणि डुकराला घाम जवळजवळ येतच नाही.

पण पहाटे निघण्यातही एक मेख आहे. डुक्कर अंधारातून उजेडात खुशाल जातं, उजेडातून अंधारात जात नाही. तिच्या खोलीत बल्ब, पुढच्या बोळात काळोख. उंबऱ्यावर ती थांबली. मी बॅटरी पुढे धरली. दहा फूट आली. मग जमिनीवर निळ्या रबरी नळीचं टोक दिसलं. ती नळी ती इथे आल्यापासून रोज बघते. तरी तिनं ते टोक हुंगलं, चाटलं, नाकानं उलटंपालटं केलं आणि मान वाकडी करून माझ्याकडे असं पाहिलं, जणू ती नळी मी चोरून आणलीय.

आमच्याकडे तिला अडवायला फळी आहे. फळी म्हणजे ग्रामपंचायत निवडणुकीतला प्रचाराचा फलक, प्लायवर ठोकलेला. ‘हाकेला धावणारा माणूस’ असं खाली लिहिलंय, वर हात जोडलेला हसरा उमेदवार. (पडला बिचारा.) मागे वळली की तिच्यासमोर हा फलक आडवा करायचा. तिनं त्याच्याकडे एकदा नीट पाहिलं आणि त्याच्या खालून नाक घालून उमेदवारासकट मला उताणं केलं. दुसऱ्यांदा पडला.

आबा तोवर बिडी ओढत होते. म्हणाले, “भाऊ, तिले पुढे नको रेटू. मांगे लोट.”

त्यांनी बादली उचलली आणि सरळ तिच्या तोंडावर घातली. डोक्यावर बादली आली की डुक्कर ती काढायला मागे सरकतं, सरकतच राहतं. आबांनी एका हातानं बादली दाबली, दुसऱ्या हातानं शेपूट धरून सुकाणू केलं आणि उरलेले तीस फूट ती बाई रिव्हर्समध्ये गेली. नराच्या दारात उलट्या पावलानं गृहप्रवेश.

नर तोंडाला फेस आणून, दात वाजवत तयारच होता. बादली काढली, तर बुडाशी कालचं एक केळं चिकटलेलं. आधी त्यानं ते खाल्लं. मग पुढचं रीतसर पार पडलं, दहाएक मिनिटांत. मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर एकशे चौदा दिवस मोजले: तीन महिने, तीन आठवडे, तीन दिवस. अधिक महिना नसला की आखाजीला भरलेली मादी बरोबर पोळ्याच्या तोंडावर व्याते. बैलांना पुरणपोळी, आम्हाला दहा-बारा पिल्लं.

एवढ्यात ऊन पत्र्यावर आलं. आता तिला परत न्यायचं होतं, कारण उद्या सकाळी पुन्हा आणायचं होतं. एकदा भरवून भागत नाही. पण तिनं नराच्या खोलीतला ओला, गार कोपरा शोधला होता आणि त्यात ती आडवी झाली होती. मी पाठीवर थाप मारली. तिनं डोळे मिटले.

मी बादली उचलून आबांकडे पाहिलं. आबा फलकाला टेकून निवांत बसले होते, उमेदवाराच्या जोडलेल्या हातांवर पाठ ठेवून. सालदाराचं साल आमच्याकडे आखाजीला संपतं आणि नवं त्याच दिवशी ठरतं, हे या गडबडीत माझ्या ध्यानातून गेलं होतं. त्यांच्या नव्हतं.

“भाऊ,” ते म्हणाले, “आपलं सालनं बोलनं बाकी शे.”