एक नंबरवर भेटू

आमच्या टी. वाय. केमिस्ट्रीच्या बॅचने चौतीस वर्षांनी भेटायचं ठरवलं आणि ते ठरवायलाच सात महिने गेले.

ग्रुप निघाला तेव्हा पहिले दोन दिवस नुसता आनंदीआनंद होता. तिसऱ्या दिवसापासून सुप्रभात सुरू झालं. मग कुणीतरी तारखेसाठी पोल टाकला. त्यात 'जमेल तसं' असा एक पर्याय नंतर घुसडला गेला आणि तोच प्रचंड बहुमताने निवडून आला. शेवटी न्यू जर्सीहून आईला भेटायला येणाऱ्या एकाच्या सोयीने रविवार ठरला. तो आयत्या वेळी आलाच नाही, त्याच्या मेव्हण्याची वास्तुशांत निघाली.

जागेवरूनही भरपूर रण माजलं. बोरिवलीकराच्या मते अंधेरी 'सगळ्यांना मध्ये' पडत होती. खारघरवाल्याला वाशी सोयीची, कारण पार्किंग. मला, म्हणजे डोंबिवलीकराला, ठाणे अगदी मध्यावर वाटत होतं. जो तो जिथे राहतो तिथून चार स्टेशनं पुढे त्याच्यापुरता मुंबईचा मध्य असतो. अखेर नेहमीप्रमाणे दादर. आणि तिथे कुणीतरी, जुन्या सवयीने, लिहून गेलं: 'साडेअकरा वाजता एक नंबरवर भेटू.'

आमच्या वेळी दादरला दोन एक नंबर होते. एक वेस्टर्नचा, एक सेंट्रलचा. त्यामुळे कुणी 'एक नंबर' म्हटलं की 'कुठला?' असं लगेच विचारायचं, हे शाळकरी पोरालाही कळायचं. ९ डिसेंबर २०२३ पासून रेल्वेने हा घोळ मिटवला. वेस्टर्नचे १ ते ७ तसेच ठेवले आणि सेंट्रलचे पुढे मोजत ८ ते १४ केले. जुना सेंट्रलचा एक आता आठ झाला आणि जुना आठ झाला चौदा. घोळ मिटला असं पंचविशीतल्या मुलांना वाटतं. आमच्या डोक्यातले आकडे १९९१ सालीच पक्के झालेत.

निघताना बायको म्हणाली, "अहो, पोट आत ओढून किती वेळ बसणार आहात? तिथे जेवायचंय ना?" मी उत्तर दिलं नाही, कारण बोललो असतो तर श्वास सुटला असता.

रविवार म्हणजे सेंट्रलला मेगाब्लॉक. वेस्टर्नवाले त्यालाच जंबोब्लॉक म्हणतात, तेवढाच त्यांचा रुबाब. आमची स्लो गाडी फास्टच्या रुळांवरून आली आणि स्लोपेक्षाही सावकाश आली. उतरलो ते सरळ जुन्या एकवर जाऊन उभा राहिलो. वर पाटी आठची. वेस्टर्नचे सगळे वेस्टर्नच्या एकवर. तेवढ्यात एका हुशाराने ग्रुपवर टाकलं, 'अरे तो एक आता आठ झालाय, सगळे आठवर या.' हे वाचून दोघं जुन्या आठवर गेले, म्हणजे पार पूर्वेच्या टोकाला, चौदावर.

"मी आठवर आहे."

"मीपण आठवरच आहे!"

"मग हात वर कर."

मी हात वर केला. एक हमाल आला.

त्याला परत पाठवतोय तोच एका टक्कल पडलेल्या गृहस्थाने मला मिठी मारली. "ओळखलंस का?" माणसाच्या वाट्याला येणाऱ्या प्रश्नांत याहून दुष्ट प्रश्न नसेल. मी म्हटलं, "म्हणजे काय! हल्ली कुठे असतोस?" पाच मिनिटं छान गप्पा झाल्या. त्याचा गुडघा, माझी शुगर, दोघांच्या सोसायट्यांचं रीडेव्हलपमेंट. मग त्याने विचारलं, "आपले बी. कॉम.चे बाकीचे कुठे आहेत रे?" दोघांनाही वाईट वाटलं. माणूस चांगला होता. त्याचा नंबर घ्यायला हवा होता.

आता एक सांगायला हवं. पुढे मी कुणाचंच नाव घेणार नाही, कारण त्या वेळीही मला नावं आठवत नव्हती. आठवत होते रोल नंबर. तीन वर्षं एकमेकांच्या प्रॉक्सी मारल्या की दुसरं काय होणार? समोरून ढेरपोट्या, सोनेरी चष्म्याचा, कुठल्याशा कंपनीचा व्हाइस प्रेसिडेंट चालत येतो आणि आपल्या तोंडून निघतं, "अरे, सव्वीस!" आणि तो सव्वीसही खुलतो. मी एक्केचाळीस.

हॉटेलात चौदा जण जमलो. मेनूकार्ड आलं तशी चौदाच्या चौदा कार्डं हातभर लांब गेली. वाचायचा चष्मा एकट्या रोल नंबर अकराने आणला होता, तो पंगतीतल्या मिठासारखा फिरला. अकरा म्हणजे आमच्या वर्गातली एकमेव मुलगी जिचं जर्नल कधीच अपुरं नसायचं. मी तिला "तुम्ही कशा आहात?" असं विचारलं, तर ती म्हणाली, "अहोजाहो काय करतोस रे, मी काय तुझी विहीण आहे?" माझं पोट तिथेच सुटलं.

पियुष बिनसाखरेचा मिळेल का, यावर वेटरशी चर्चा झाली. थालीपिठावरचं लोणी आठ जणांनी बाजूला काढायला सांगितलं आणि नंतर बाजूचं बोटाने खाल्लं. कार्पेट की बिल्टअप, कॉर्पस किती, बिल्डर भाडं वेळेवर देतो का, यात पाऊण तास गेला. हे सोडून देतो, ते मुंबईत कुठल्याही टेबलावर ऐकू येईल.

मग सव्वीस म्हणाला, "बाकी काही म्हणा, एक्केचाळीसने केएमएनओफोर प्यायलेलं मी जन्मात विसरणार नाही!"

टेबल हसून कोसळलं. मी सोडून. कारण ते मी प्यायलोच नव्हतो. प्यायला होता बेचाळीस. रोल नंबरप्रमाणे जोड्या असायच्या, आम्ही दोघं एकाच टेबलावर, एकच बर्नर. तेव्हा पिपेट, म्हणजे द्रव मोजून घ्यायची काचेची नळी, तोंडाने ओढायचे. याने बाटली न बघता ओढलं आणि तोंडभर पोटॅशियम परमँगनेट. आता तोच बेचाळीस माझ्या समोर बसून सगळ्यांत मोठ्याने हसत होता. डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

"जीभ कसली जांभळी झाली होती याची!" कुणीतरी म्हणालं.

इथे माझ्यातला केमिस्ट जागा झाला. "जांभळी नाही," मी म्हटलं, "तपकिरी. परमँगनेट जिभेला लागलं की त्याचं मँगनीज डायऑक्साइड होतं, त्याचा डाग तपकिरी असतो. दुसऱ्या दिवशीसुद्धा होता."

एक क्षण शांतता पसरली.

"बघा," सव्वीस म्हणाला, "प्यायल्याशिवाय इतकं माहीत असतं का कुणाला?"

मी आणखी एक पुरावा काढला. ऑक्झॅलिक ॲसिडच्या टायट्रेशनला परमँगनेट असतं ब्युरेटमध्ये, पिपेटने घ्यायचं ते ऑक्झॅलिक. म्हणजे जो चुकीच्या बाटलीत पिपेट घालेल तो किती वेंधळा असला पाहिजे, आणि मला तर प्रॅक्टिकलला... "तेच म्हणतोय आम्ही," तिघं एकदम बोलले. गेली तीस वर्षं मी एका औषध कंपनीच्या लॅबमध्ये आहे, हे सांगायला तोंड उघडलं. पण तेवढ्यात मिसळ आली.

बाकीच्यांच्या हसण्याचं मला काही नव्हतं. पण हा बेचाळीस! मी त्याच्याकडे रोखून पाहिलं. त्याने जागचं न हलता वाटीतला रस्सा ओतून घेतला. मी निश्चय केला. आता सगळ्यांसमोर त्याला विचारायचं. खुर्ची मागे सरकवली. आणि तेवढ्यात अकरा म्हणाली,

"मला चांगलं आठवतंय. सगळे हसत होते आणि तू बिचारा बेसिनपाशी उभा होतास. मीच तुला पाणी आणून दिलं होतं."

आता मला सांगा, अशा वेळी माणसाने काय करायचं? तीन वर्षांत तिने मला एकदा फिल्टर पेपर दिला होता, तोही 'परत दे' म्हणून. खरं सांगितलं तर पाणी बेचाळीसच्या खात्यात जातं. चौतीस वर्षांनी, माझ्या डोळ्यांदेखत.

मी खुर्ची पुढे ओढली.

"हो," मी म्हटलं. "माठातलं. काय गार होतं!"

"बघा, कबूल!" सव्वीस ओरडला आणि पुन्हा टेबल कोसळलं. या वेळी मीही हसलो. मग विचारल्यावर परमँगनेटची चव कशी असते तेही सांगितलं. तुरट, थोडी लोखंडासारखी. बऱ्यापैकी रंगवून सांगितली असावी, कारण शेजारच्या टेबलावरचेही ऐकायला लागले. फक्त बेचाळीस हसायचा थांबला होता.

बिल आलं, ते चौदात वाटताना पंचवीस रुपये कमी पडत राहिले, तीनदा मोजूनही. भरले कुणी ते माहीत नाही, पण मला अकराचा संशय आहे. पुढच्या वर्षी नक्की, महाबळेश्वरला, दोन दिवस, असं सगळे म्हणाले. पोल टाकायचं ठरलं.

स्टेशनच्या पुलावर मी आणि बेचाळीस दोघंच उरलो. त्याला वेस्टर्नला जायचं होतं, मला सेंट्रलला. खाली मेगाब्लॉकमुळे गाड्या उशिराने धावत असल्याबद्दल दिलगिरी चालू होती. त्याने हात मिळवला, दोन पायऱ्या उतरला, परत वळला.

"एक्केचाळीस," तो म्हणाला, "माठातलं नव्हतं ते. नळाचं होतं. कोमट."

आणि एक नंबरच्या दिशेने गर्दीत गेला.