बिल जपूनच ठेवलं होतं, महोदय

‘कॉम्प्युटर गेला, आता विंडोजची की कुठून आणू?’ या माझ्या लेखाखाली परवा एक लांबलचक प्रतिक्रिया आली. (की म्हणजे सॉफ्टवेअर विकत घेतल्यावर मिळणारा पंचवीस अक्षरांचा परवाना क्रमांक; बंद पडलेल्या मशीनमधून ती कशी शोधायची, ते लेखात होतं.) खाली नाव नाही, म्हणून ‘महोदय’ म्हणतो. महोदया असाल तर क्षमा असावी.

प्रतिक्रियेचा गोषवारा असा. की वाचण्यासाठी मी दिलेली डब्ल्यूएमआयसी या विंडोजमधल्या जुन्या साधनाची कमांड नव्या विंडोज ११ वर चालत नाही. विंडोज १० पासून की-फाइंडर, म्हणजे की शोधणारा प्रोग्रॅम, बऱ्याचदा सगळ्यांची सामाईक कीच दाखवतो, त्यामुळे लेखातला निम्मा खटाटोप फुकट. अशी सॉफ्टवेअरं चोरांच्याच कामाची. आणि शेवटचं वाक्य, जे मी जसंच्या तसं देतो: ‘डबा आणि बिल नीट जपून ठेवणाऱ्या माणसावर ही वेळच येत नाही, पण हे दुकानदारांना कोण सांगणार?’

पहिला मुद्दा मान्य. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीत डब्ल्यूएमआयसी आपोआप येत नाही, तेच काम विंडोजमधल्याच पॉवरशेल या दुसऱ्या साधनातून करावं लागतं. चूक माझी, दुरुस्त करतो. चूक कबूल करायला मला कधी कमीपणा वाटला नाही, हे जुने वाचक जाणतात.

आता ते ‘कोण सांगणार’.

महोदय, मी दुकानदारच आहे. सांगलीत २००१ पासून कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवतो, आणि त्यात लाज वाटावी असं काही आहे हे आपली प्रतिक्रिया वाचेपर्यंत मला ठाऊक नव्हतं. आपला स्वर असा, की जणू की हरवलेला प्रत्येक जण एकतर वेंधळा, नाहीतर लबाड. म्हणून एक हकिगत सांगतो. लांबेल, पण आपणही काही थोडक्यात आवरलेलं नाही.

ऑगस्ट २०१९. इर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती. आमच्या बोळात एक कर सल्लागार आहेत, मी त्यांना काका म्हणतो. नीटनेटकेपणा म्हणजे काय ते या माणसाकडून शिकावं. प्रत्येक बिल पंच करून बॉक्स फाईलमध्ये, फाईलच्या पाठीवर वर्ष, ऑफिस २०१० चा डबा प्लॅस्टिकच्या पिशवीत रबरबँड लावून. हे सगळं लोखंडी कपाटात, खालच्या खणात. पाणी चढायला लागलं तेव्हा मुलाने कॉम्प्युटरचं कॅबिनेट उचलून माळ्यावर ठेवलं. कपाट कोण उचलणार?

पाणी ओसरल्यावर कपाटाचं दार गाळाने बसलं होतं, पहार घालून उघडावं लागलं. बॉक्स फाईल उचलली तर हातात कणकेसारखा गोळा आला. डब्यातल्या कार्डावरची छपाई गाळाने खाल्लेली. पिशवी होती, रबरबँडही होतं, महोदय. बिल जपून ठेवलं होतं. त्यातलं एक तर थर्मल कागदावरचं. काका स्वतःच म्हणाले, ‘ते पुराआधीच कोरं झालं होतं रे.’ थर्मल कागदाची छपाई उष्णतेने उमटते आणि काही वर्षांत उडून जाते. आपल्या फाईलमधली बिलं एकदा उजेडात धरून बघा.

माळ्यावरचं कॅबिनेट कोरडं दिसत होतं. काकांना धीर निघेना, ३० सप्टेंबरची ऑडिटची मुदत डोक्यावर. माझी वाट न बघता त्यांनी बटण दाबलं. एसएमपीएस, म्हणजे आतला वीजपुरवठ्याचा डबा, गेला आणि जाताना मदरबोर्ड घेऊन गेला. हार्ड डिस्क तेवढी शाबूत राहिली.

कॅबिनेटच्या बाजूला विंडोज ७ चा स्टिकर होता. वर्षानुवर्षं फडक्याने पुसून पुसून अक्षरं विरलेली. टॉर्च तिरपा धरून मी पंचवीसपैकी बावीस अक्षरं लावली. मायक्रोसॉफ्टने या कींमधून स्वर, शून्य, एक, पाच अशी गोंधळाची मंडळी आधीच वगळली आहेत, एकूण २४ चिन्हंच वापरतात. पण ८ आणि बी दोघेही आत आहेत, ६ आणि जीसुद्धा. झिजलेल्या स्टिकरवर ‘हा आठ की बी?’ असं तीन जागी आलं, म्हणजे आठ शक्यता. आणि ऑफिसचा तर स्टिकरच नव्हता.

मग मी तेच केलं ज्याला आपण फुकटचा खटाटोप म्हणता. डिस्क काढली, यूएसबी डॉकमध्ये घालून माझ्या मशीनला लावली आणि निरसॉफ्टच्या प्रोड्यूकी या की-फाइंडरला त्या डिस्कवरचा विंडोजचा फोल्डर दाखवला. रजिस्ट्री, म्हणजे विंडोजची नोंदवही, ही शेवटी फाईलच; सिस्टिम३२ मधल्या कॉन्फिग फोल्डरात ‘सॉफ्टवेअर’ नावाने पडलेली असते, मशीन मेलं तरी ती वाचता येते. त्यात डिजिटलप्रॉडक्टआयडी नावाची नोंद असते. की तिथे सरळ अक्षरांत नसते, आकड्यांत गुंडाळलेली असते, प्रोड्यूकी ती उलगडतो. पाच मिनिटांत विंडोज आणि ऑफिस, दोन्ही कीज पडद्यावर. स्टिकरशी ताडून पाहिलं तर तिसरं अडलेलं अक्षर मी आठ धरलं होतं, ते बी निघालं.

नवीन बोर्ड टाकल्यावर फोनवरून अॅक्टिव्हेशन, म्हणजे मायक्रोसॉफ्टकडून की मंजूर करून घेणं. काका नाकावर चष्मा ठेवून पडद्यावरचे ५४ आकडे सहा-सहाच्या गटाने वाचताहेत, मी फोनवर दाबतोय, मध्येच विजेचा लपंडाव. उत्तरादाखल आलेले ४८ आकडे मी ओल्या भिंतीवर पेन्सिलीने लिहिले, कारण कागद कुठे होता? तिसऱ्या खेपेला झालं. काकांनी डोळे पुसले. आपण तिथे असता तर त्यांना म्हणाला असता का, ‘डबा नीट जपायला हवा होता’?

राहिले बाकीचे मुद्दे, ते भराभर उरकतो.

चोरांचं म्हणाल, तर क्रॅक मारणाऱ्याला, म्हणजे सॉफ्टवेअरचं कुलूप फोडून ते फुकट वापरणाऱ्याला, की शोधायची गरजच काय? की तोच शोधतो ज्याने ती विकत घेतलेली असते. मंडईबाहेर बसणाऱ्या किल्लीवाल्याकडे आपण कधी गेलाच नसाल, कारण आपली किल्ली कशी हरवणार! अँटिव्हायरस प्रोड्यूकीवर ओरडतो हे खरं. तो बऱ्याच गोष्टींवर ओरडतो.

सामाईक कीचा मुद्दा फार ताणण्यात अर्थ नाही. डिजिटल लायसन्सवाल्या (म्हणजे जिथे परवाना कीऐवजी त्या मशीनच्या नावावर नोंदलेला असतो अशा) विंडोज १० प्रोवर ‘३व्ही६६टी’ने संपणारी की दिसली तर ती आपली एकट्याची नव्हे, हे माझ्या दुकानातला पोरगाही सांगेल. लायसन्स आधी मायक्रोसॉफ्ट खात्याला जोडलेलं असेल तर त्याच खात्याने लॉगिन करायचं, ट्रबलशूटरमध्ये हार्डवेअर बदलल्याचं सांगायचं. लेखात हे आलं नाही असं आपण म्हणता. ‘इतरही मार्ग आहेत’ असं मी लिहिलंय, त्यात ते येतंच. विंडोज ८ पासूनच्या ब्रँडेड लॅपटॉपमध्ये की बहुधा बायोसमध्येच, म्हणजे मदरबोर्डवरच्या चिपमध्ये, असते, डिस्क गेली तरी जात नाही, हेही लिहिलंय. ऑफिस २०१३ पासून रजिस्ट्रीत शेवटची पाचच अक्षरं उरतात, हे तर ठळक अक्षरांत आहे. आपण लेख शेवटपर्यंत वाचलात का, अशी शंका येते. (हो, त्या पाच अक्षरांवरून पूर्ण की मिळत नाही, मग बिलच शोधावं लागतं, असं आपण म्हणाल. म्हणा.)

आणि डब्याचंच कौतुक असेल तर कुठल्याही जुन्या डीटीपीवाल्याला विचारा. श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरचा डबा कपाटात झकास असायचा, पण ज्याच्याशिवाय ते चालत नसे ते प्रिंटर पोर्टला लावायचं डोंगल उंदराने पळवलं की तो डबा उशाला घेऊन झोपायचा. माझ्याकडे अशी दोन गिऱ्हाइकं आली होती. त्यातल्या एकाचं डोंगल शेवटी देवघरात सापडलं, त्याच्या आईने कुंकवाची डबी समजून ठेवलं होतं.

आपली प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. पुढच्या वेळी मात्र खाली नाव लिहा, म्हणजे कोणाशी बोलतोय ते कळेल. डब्ल्यूएमआयसीची ओळ आज रात्री दुकान बंद केल्यावर बदलतो. सामाईक कीबद्दलही एक परिच्छेद घालतोय. तो आपण सांगितलं म्हणून नव्हे, घालायचा माझ्या डोक्यात होताच.