चित्र नको, आकडे द्या

दिवाळीचा किल्ला म्हणजे दगड-विटांचा ढीग, वर ओलं पोतं, पोत्यावर चिखल आणि चिखलात अळीव. आमच्या सोसायटीला यंदा हे मंजूर नव्हतं. यंदा राजगड हवा होता आणि तोही मापात. सभेत ठराव झाला, टाळ्या पडल्या आणि सेक्रेटरी माझ्याकडे वळून म्हणाले, “तुम्ही कॉम्प्युटरमधले ना?”

मी पगारपत्रकांचं सॉफ्टवेअर सांभाळतो. पण सोसायटीच्या लेखी कॉम्प्युटरमधला माणूस एकदा वायफाय चालू करून देऊ शकला की सह्याद्रीही उभा करू शकतो.

बेत तसा सरळ होता. डोंगरावर सारख्या उंचीच्या जागा जोडत गेलं की समोच्च रेषा मिळते. भूगोलाच्या पेपरात आपण ती काढायचो, वेड्यावाकड्या कांद्यासारखी. दर २० मीटरला एक रेषा घ्यायची, त्या आकाराचा ३ मिलिमीटर जाडीचा एमडीएफ, म्हणजे लाकडाच्या भुशाची दाबलेली फळी, लेसरने कापून घ्यायचा आणि थर एकावर एक चिकटवायचे. ७०० मीटरपासून १३६० पर्यंत ३४ थर, म्हणजे जेमतेम वीतभरही नाही असा दहा सेंटिमीटरचा राजगड. सर्व्हे ऑफ इंडियाच्या १:५०,००० च्या नकाशांतही दोन रेषांत २० मीटरचंच अंतर असतं, त्यामुळे कुणी विचारलंच तर तोंडावर फेकायला सरकारी आधारही होता.

उंच्या फुकट मिळतात. फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर यानाने अकरा दिवस पृथ्वीभोवती घिरट्या घालत रडारने सुमारे ८० टक्के जमीन मोजली. राजगड ज्या फाइलीत आहे तिच्या नावात नुसतं उत्तर १८, पूर्व ७३ एवढंच असतं. आत ३६०१ ओळी आणि प्रत्येक ओळीत ३६०१ उंच्या, साधारण दर ३० मीटरला एक. एकूण १,२९,६७,२०१ आकडे. बाकी काही नाही. कुठला आकडा कुठल्या गावाचा, हे तुम्ही मोजून काढायचं.

शिवाय प्रत्येक आकडा दोन बाइटांचा, म्हणजे दोन तुकड्यांत साठवलेला, आणि त्यातला मोठ्या किमतीचा बाइट आधी. आपले कॉम्प्युटर वाचतात लहान आधी. उलट वाचलं की १३७६ चे २४५८१ होतात. सुवेळा माचीवरून एव्हरेस्ट पायाशी दिसेल अशी ही उंची पाहून सेक्रेटरींचा नातू खूश झाला होता. त्याची समजूत काढून मी फाइल सुलटी वाचली. मग पद्मावती माची दक्षिणेला गेली. फाइल वरून, म्हणजे उत्तरेकडून मोजत येते आणि आलेख खालून वर जातो. आपापल्या जागी दोघांचंही बरोबर, मधल्या मधे राजगड शीर्षासनात. शिवाय आपल्या अक्षांशावर रेखांशाचा अंश अक्षांशाच्या अंशाहून आखूड, तेव्हा आडवं माप ०.९५ ने गुणायचं, नाहीतर गड पाच टक्के लठ्ठ होतो.

एवढं करून ग्नूप्लॉटला रेषा काढायला सांगितल्या. १९८६ पासून चालत आलेलं हे आलेख काढायचं फुकट सॉफ्टवेअर. रूप यथातथा, पण हात साफ. क्षणात राजगड पडद्यावर हजर: तिन्ही माच्या, मधे बालेकिल्ल्याची कडी. मी तो फोटो घेऊन लेसरवाल्याकडे गेलो.

“सर, फोटो नाही चालत. मशीनला पॉइंट लागतात.”

“अहो, यात रेषा दिसतायत की!”

“तुम्हाला दिसतायत. मशीनला डोळे कुठेत?”

आता गंमत अशी, की ज्याने रेषा काढली त्याला तिचा बिंदू न् बिंदू ठाऊक असणारच. पण हे सॉफ्टवेअर हाताला चव असलेल्या मावशीसारखं. पोटभर वाढेल, पण प्रमाण विचारलं की “अंदाजाने घालते गं.” प्रमाण काढून घ्यायची युक्ती शेवटी मदतीच्या पानांत सापडली. ‘सेट काँटूर’ म्हणायचं, ‘अनसेट सरफेस’ म्हणून पृष्ठभागाला बाजूला बसवायचं आणि मग ‘सेट टेबल’ म्हणून फाइलीचं नाव द्यायचं. यानंतर चित्र काढ म्हटलं, की ते चित्र न काढता मुकाट्याने आकडे लिहितं. चित्र काढू नको हे सांगायलाही चित्र काढण्याचाच हुकूम द्यावा लागतो, हे मात्र अजून माझ्या पचनी पडलेलं नाही.

फाइल उघडली. वर रेषेची उंची, खाली बिंदूंच्या ओळी. मधेच एक मोकळी ओळ, पुन्हा बिंदू. ही मोकळी ओळ म्हणजे आधीचा तुकडा संपला, आता दुसरा डोंगर. ती नजरेआड केली तर लेसर गडावरून थेट पलीकडच्या टेकडीवर सरळ रेषेत उडी मारतो आणि एमडीएफचे दोन तुकडे होतात. काही तुकडे नकाशाच्या कडेला जाऊन लटकलेले, पुढे रस्ता नाही. लेसरला तर बंद आकारच लागतो. यावरचा उपाय मला फार आवडला: सगळ्या आकड्यांच्या भोवती शून्याची एक चौकट घालायची. डोंगर कडेला एकदम समुद्रसपाटीला येतो आणि झक मारत प्रत्येक रेषा मिटते. पायथ्याच्या गुंजवण्याच्या अलीकडे मी समुद्र आणला, पण काम झालं.

उंच्या पूर्णांकात असल्यामुळे नेमकी १००० ची रेषा मागितली की ती १००० वाल्या बिंदूंवर अडखळते आणि टिंबाएवढ्या कड्या सोडत जाते. १०००.५ मागायची. अर्धा मीटर कोण मोजायला येतंय! आणि खिंडीत तर खरी पंचाईत. शेजारशेजारच्या चार आकड्यांचा चौकोन घ्या: समोरासमोरचे दोन कोपरे उंच, दोन खोल. रेषा इकडून न्यावी की तिकडून? ग्नूप्लॉट चौकोनाला कर्ण मारून दोन त्रिकोण करतो आणि मोकळा होतो. खिंड लढवायची की सोडायची, हे आमच्याकडे कर्णाने ठरवलं.

१७७४ साली स्कॉटलंडमधल्या शिहॅलियन डोंगराची मोजणी सुरू झाली, पृथ्वीचं वजन काढण्यासाठी. गणितज्ञ चार्ल्स हटनच्या पुढ्यात उंच्यांच्या आकड्यांचा खच पडला होता. सारख्या उंचीचे बिंदू त्याने पुसट रेषेने जोडले आणि डोंगराचा आकार एकदम दिसू लागला. त्याच्याकडे आकडे होते, रेषा नव्हत्या. माझ्याकडे रेषा होत्या आणि मी आकड्यांसाठी कपाळ बडवत होतो.

थर कापून आले, चिकटले, रंगले. मावळे चढले. सगळे वाहवा करत असताना नातवाने विचारलं, “काका, नेढं कुठंय?”

सुवेळा माचीच्या कातळातलं आरपार भोक. मी त्याला समजावलं, की इथे एका जागेला एकच उंची असते. खाली जमीन, मधे हवा, वर परत दगड हे या आकड्यांत लिहिताच येत नाही. शिवाय दोन आकड्यांत ३० मीटरचं अंतर, तेवढ्यात नेढं कुठल्या कुठे हरवतं.

“म्हणजे नाहीये?” एवढंच म्हणून तो घरातून कर्कटक घेऊन आला आणि माचीच्या थरांना बाजूने टोकरत बसला. सायंकाळपर्यंत पलीकडचं दिसायला लागलं. आमच्या मापाने पाहिलं तर त्यातून एसटी आडवी गेली असती.