पाचवी मॅच

भरडावरच्या आमच्या कट्ट्यावर वाद सुरू व्हायला कारण लागतंच असं नाही, पण परवा होतं. समोरच्या वाडीतल्या पोरांनी दोन माडांमध्ये नेट बांधलं होतं आणि दर दुसऱ्या फटक्याला वारा फूल उचलून कौलांवर नेत होता. मालवणात संध्याकाळचा वारा पडेपर्यंत उघड्यावर बॅडमिंटन खेळणं म्हणजे फुलाला निरोप देणंच. दाजी बराच वेळ बघत होते. चहाचा ग्लास खाली ठेवून म्हणाले, "प्रकाश पदुकोणचो खेळ ज्येना आयकलो, त्येका आता ह्यां बघूचा लागता."

'आयकलो' हे बरोबर आहे. दाजींचा सगळा पदुकोण रेडिओ आणि पेपरातला.

बाबल्याला एवढं पुरतं. "दाजी, तुमच्या पदुकोणान थॉमस कप हाडल्यान काय? नाय ना? मगे?" थॉमस कप म्हणजे पुरुषांच्या संघांचा जागतिक कप.

"ऑल इंग्लंड हाडल्यान! १९८०! लिम स्वी किंगाक १५-३, १५-१० मारल्यान. तुज्या बापाशीक विचार."

"तो एकट्याचो कप. मी टीमचो विचारतंय."

इथे मास्तर सरसावून बसले. मास्तर शाळेतून निवृत्त झाले, पण शिकवण्यातून नाही. म्हणाले, "दाजी, बाबल्या अर्धं बरोबर बोलतोय. १९७९ ला आपण जकार्त्यात थॉमस कपच्या सेमीफायनलला होतो, प्रकाश ऐन भरात. डेन्मार्कने हरवलं. तेव्हा एका लढतीत नऊ मॅच असायच्या, पाच एकेरी आणि चार दुहेरी. कितीही मोठा खेळाडू असला तरी एकेरीच्या दोनच मॅच खेळणार. उरलेल्या सात कोण जिंकणार? आता पाचच असतात, तीन एकेरी, दोन दुहेरी."

दाजी गप्प बसणाऱ्यांतले नाहीत. त्यांनी नंदू नाटेकर काढले. सांगलीला जन्मलेला माणूस, १९५६ साली क्वालालंपूरला जिंकून परदेशात स्पर्धा जिंकणारा पहिला भारतीय, १९६१ मध्ये अर्जुन पुरस्काराच्या पहिल्याच यादीत. "थॉमस कपात सोळा एकेरी खेळलो, बारा जिंकल्यान! आणखी काय होया?"

"आणि दुहेरी?" मास्तरांनी हळूच विचारलं.

दाजींनी पोरांच्या नेटकडे बघितलं.

"सोळापैकी आठ," मास्तर म्हणाले.

बाबल्याला तर रापणीत सुरमई सापडल्यासारखं झालं. तो रापणकरच, किनाऱ्यावरून जाळं ओढणारा, त्यामुळे उदाहरण कुठून येणार ते सगळ्यांना ठाऊक होतं. "ह्यांच मी सांगतंय! रापणीचे दोनव दोर एकदम वडूक होये. एक बाजू ढिली पडली की मासळी गेली. आपले सगळे शाणे एकट्यान दोर वडणारे. जोडी खय होती आपल्याकडे? २०२२ साली सात्विक-चिराग इले, कप इलो. चिराग तर आपल्या मुंबयचो. विषय संपलो."

विषय संपला नव्हता. त्या दिवसाचं मलाही आठवतं. १५ मे, आंब्याच्या पेट्या भरायचा दिवस, आणि आम्ही चौघे पेंढ्यात मोबाईल उभा करून बँकॉकची फायनल बघत होतो. चौदा वेळा कप नेलेला इंडोनेशिया समोर. लक्ष्य सेन पहिला गेम ८-२१ हरला, तेव्हा एकजण उठून खरंच पेट्या भरायला लागला. पुढचे दोन लक्ष्यने २१-१७, २१-१६ घेतले. मग सात्विक-चिराग पहिला गेम गमावून, दुसऱ्यात मॅच पॉइंट वाचवून २३-२१, २१-१९. श्रीकांतने त्यांच्या क्रिस्टीला सरळ दोन गेममध्ये गुंडाळलं. ३-०. त्या दुपारी भरलेल्या पेट्यांत आंबे कसे लागले होते ते विचारू नका.

मास्तरांचा मुद्दा मात्र फायनलचा नव्हताच. "बाबल्या, तू फायनल धरून बसलास. आधीचे दोन दिवस बघ. क्वार्टरला मलेशिया, सेमीला डेन्मार्क. दोन्ही वेळा लक्ष्य हरला. दोन्ही वेळा आपली दुसरी जोडी हरली. म्हणजे जोडी जोडी करतोस, ती एकच होती. तुझा एकच दोर. दोन्ही दिवशी २-२, आणि पाचव्या मॅचला प्रणॉय."

"त्यो पाय मुरगळलेलो?" बाबल्याचा आवाज जरा खाली आला.

"तोच. डेन्मार्कच्या गेमकेसमोर कोर्टवर घसरला, पहिला गेम १३-२१ गेला. मग २१-९, २१-१२. क्रमांकाने तिसरा एकेरीवाला. कप त्याने आणला. १९५२ साली थॉमस कपात आपण अमेरिकेशी ४-५ असे हरलो होतो, बरं का. तेव्हा एक मॅचच कमी पडली."

बाबल्या हटायला तयार नव्हता. पहिल्या जोडीने पॉइंट दिले नसते तर पाचवी मॅच आलीच नसती, असं त्याचं म्हणणं, आणि ते खोटंही नाही. पण मास्तरांनी हांगझोऊ काढलं. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये आशियाई खेळांची टीम फायनल, चीनसमोर, चीनच्याच घरात. लक्ष्य जिंकला, सात्विक-चिराग जिंकले, २-० पुढे. आणि प्रणॉय कंबर धरून बाहेर बसलेला. पुढच्या तिन्ही मॅच गेल्या. २-३, रौप्य.

मला मास्तरांचं पटतं. आपण नेहमी पहिल्या नंबरचं नाव घेतो. टीम बघायची तर शेवटच्या नंबरला कोण उभा आहे ते बघावं. बाबल्याने यावर मला 'मास्तरांचो चमचो' म्हटलं, ते असो.

चहावाल्या काकी इतका वेळ ग्लास विसळत होत्या. "आणि चेडवांचा काय? त्यांचो कप नाय वाटता?"

सगळे एकदम "सिंधू, सायना" करायला लागले. उबेर कपात, म्हणजे बायकांच्या थॉमस कपात, २०१४ आणि २०१६ ला मुली सेमीफायनलपर्यंत गेल्या, हे दाजींनाही माहीत होतं. पण २०२४ चं मास्तरांनी सांगितलं. मलेशियात शाह आलमला आशियाई सांघिक स्पर्धेची फायनल, थायलंडसमोर २-२, आणि पाचव्या मॅचला सतरा वर्षांची अनमोल खरब. २१-१४, २१-९. मुलींचं ते पहिलंच विजेतेपद.

"परत पाचवी," काकी म्हणाल्या आणि दाजींचा ग्लास उचलायला गेल्या. दाजींनी तो धरून ठेवला. चहा कधीच निवला होता.

वारा पडला होता. पोरांचं फूल आता नेटवरून सरळ जात होतं. बाबल्या रापणीच्या वेळेचं बोलत उठला, तरी दाजी बसलेलेच.

"मास्तर," ते म्हणाले, "त्या प्रणॉयची कंबर मगे बरी झाली?"

"कुठली! कंबरेला पट्टा लावून त्याच आठवड्यात एकेरीचं ब्राँझ घेतलं त्याने."

"हां," दाजी म्हणाले, आणि तो गार चहा पिऊन टाकला.